पाटीमागचं नाव

एप्रिल लागला की आयर्लंडमधल्या आमच्या ब्रे गावाच्या डोंगरावर गॉर्स फुलतो. काटेरी झुडपं, त्यांवर पिवळ्याधमक फुलांची दाटी, आणि वास थेट भाजलेल्या खोबऱ्याचा. इथं आल्यावर पहिल्या वसंतात तो वास नाकात शिरला तेव्हा मी निनादला म्हणाले होते, "कुणीतरी करंज्यांचं सारण करतंय." निनाद पुण्याचा. त्यानं चारी दिशांना नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "डोंगरावर?" आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, म्हणून मी हसले. आता विचारलं तर हसेनच असं नाही.

यंदाही वास आला. परवा सकाळी डार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर उभी होते, वारा डोंगराकडून होता. गाडी येईपर्यंत मी रुमाल नाकाला लावून उभी राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, हिला परागकणांचा त्रास आहे. त्यांनी आपल्या पर्समधली गोळी पुढे केली. मी ती घेतली आणि खाल्लीसुद्धा. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला उतरून ऑफिसात पोचले तर फळा लागलेला होता. भिंतभर पांढरा लोखंडी फळा, त्यावर चुंबकाच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक नंबर आणि एका अमेरिकन कॉलेजचं नाव. मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि फळ्याकडे पाठ करून बसले.

"बरी आहेस ना?" शेजारच्या डिअड्रानं विचारलं. ती इथल्याच कॉर्क शहरातली. माझ्याच वयाची, माझ्याच हुद्द्याची.

"ग्रँड," मी म्हणाले. या देशात ग्रँड या शब्दात सगळं मावतं. लॉटरी लागली तरी माणूस ग्रँड असतो आणि जीव चालला असला तरी ग्रँडच असतो.

माझं काम काय आहे हे नागपूरला माहेरी सांगायचं म्हणजे पंचाईत. आमची कंपनी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघासाठी सामन्यांचे व्हिडिओ पाहते. शनिवारी तिकडे कॉलेजांचे सामने होतात. तिकडचे लोक झोपतात तेव्हा आमची सकाळ होते, आणि ते उठेपर्यंत आम्ही प्रत्येक डाव कापून, तपासून, त्यावर शेरा मारून ठेवलेला असतो. आमच्या टेबलाकडे फक्त क्वार्टरबॅक. काका एकदा म्हणाले होते, "म्हणजे खेळणारे अमेरिकेत, पाहणारी आयर्लंडमध्ये, ती पण आमची मीनल, जी शाळेत लंगडीसुद्धा कधी धड खेळली नाही!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त उंट एका बेटावर आणि शेळ्या समुद्रापलीकडे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायानं चेंडू मारायचा प्रसंग क्वचितच येतो. चेंडू हातात धरायचा, पळायचं, फेकायचा. दर डावाच्या सुरुवातीला तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याला आडवं करायला समोरून चार-पाच धिप्पाड माणसं धावत सुटलेली असतात, आणि ती पोचण्याआधी त्यानं ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. संघाचं नशीब बहुतेक या एका माणसावर अवलंबून. म्हणून त्याची पारखही सगळ्यांत कडक. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस निवडीचे असतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजातल्या मुलांमधून एकेक नाव उचलतात. गेल्या मोसमात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली. अशा सात फेऱ्या. सात फेऱ्यांत ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही, त्यानं घरी जायचं.

निवडीआधी जे काही चालतं त्याला मी मुलगे दाखवायचा कार्यक्रम म्हणते. आपल्याकडे कांदेपोहे देऊन मुलीला चालून दाखव म्हणायचे, डोळ्यांत तिरळेपणा नाही ना हे वाकून बघायचे. इथं बावीस वर्षांचे दांडगे मुलगे चड्डीवर उभे राहतात आणि पिकल्या केसांची माणसं त्यांची उंची मोजतात. पळून दाखव, उडी मारून दाखव. गुडघ्याचे जुने फोटो मागवतात. शाळेतल्या मास्तरांना, कॉलेजच्या खानावळवालीला, जुन्या मैत्रिणीला फोन करून विचारतात, मुलगा कसा आहे हो? आणि मग त्याची वीत मोजतात. अगदी आपली वीत, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. वीत लहान असली तर ओला चेंडू हातात राहत नाही म्हणे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी घरी येऊन निनादची वीत मोजली होती. क्वार्टरबॅक होण्याइतकी भरली नाही. "सदाशिव पेठेत एवढ्या विती लागत नाहीत," तो म्हणाला होता.

एवढं सगळं करून अंदाज चुकतो तो चुकतोच. ज्याला पहिल्या दिवशी वाजतगाजत नेलं तो दोन वर्षांत विस्मरणात जातो, आणि शेवटच्या फेरीत कुणी उगीच उचललेला पोरगा वर्षानुवर्षं मैदान गाजवतो. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी दर एप्रिलला सगळे असे वागतात की यंदा चुकणार नाही.

आम्हांला हे काम शिकवलं रेनं. रे म्हणजे त्या संघाचा म्हातारा स्काउट, ओहायोचा, आयुष्यभर मोटारीनं गावोगाव हिंडून मुलं पाहिलेला. सुरुवातीला महिनाभर तो डब्लिनला येऊन राहिला होता. नंतर आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचा, कायम कपाळ कापलेला, कारण कॅमेरा नीट लावणं त्याला कधी जमलं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हाताकडे बघू नका, हात सगळ्यांना भुरळ घालतो. पाय बघा." मी म्हणाले, आमच्याकडे म्हण आहे, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. त्याला ती इतकी आवडली की पुढे कितीतरी दिवस तो कुठल्याही मुलाविषयी विचारायचा, "मीनल, पाळण्यात काय दिसतं?"

रेचे आणखी दोन नियम होते. एक, मुलाचा सगळ्यांत वाईट सामना आधी पाहायचा. जिंकणारे सगळे सारखेच दिसतात. चेंडू शत्रूच्या हातात फेकून दिल्यावर पुढच्या डावाला तो कसा उभा राहतो, ते पाहायचं. आणि दुसरा, नावाचा. नावाला कीर्ती चिकटलेली असते, म्हणून आम्ही मुलांना फक्त नंबरानं ओळखायचं. पाटीवर पुढे नंबर, मागे नाव. सगळा मोसम नाव भिंतीकडे तोंड करून असायचं.

ड्राफ्ट संपला की सोमवारी फळा उतरवायचा. ज्याला कुणीच उचललं नाही त्याची पाटी त्या मुलाला ज्यानं पारखलं त्यानंच काढायची, उलटी करायची, आणि मागचं नाव मोठ्यानं वाचायचं. एकदाच. "या खोलीत आपण या मुलाविषयी वर्षभर बोललो," रे म्हणायचा. "कुणीतरी त्याचं नाव घ्यायला नको?" आणि प्रत्येक नावानंतर पडद्यावरून त्याचा आवाज यायचा, "थँक्यू, सन." थँक्यू, बाळा. पहिल्या वर्षी मला हे नाटकी वाटलं. दुसऱ्या वर्षीही थोडंसं वाटलंच.

तिसऱ्या वर्षीचा तो एप्रिल मात्र निराळा. फळ्यावर माझा सगळ्यांत लाडका होता चौदा नंबर. छोट्या कॉलेजचा, वितीला कमी, चेहऱ्यावर कायम झोपेतून उठवल्याचा भाव. नियमाप्रमाणे मी त्याचा वाईट सामना आधी पाहिला. पावसात खेळलेला, पार धुव्वा उडालेला. त्यानं चेंडू थेट समोरच्यांच्या हातात फेकला आणि ते लोक तो घेऊन पळाले. कुणी हेल्मेट आपटलं असतं, कुणी आकाशाकडे पाहिलं असतं. हा चालत मागे गेला आणि चिखलात पडलेल्या आपल्याच एका जाड्या सोबत्याला त्यानं हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं. मग पुढच्या डावाला तीच फेक, त्याच जागी, पुन्हा केली. या वेळी बरोबर गेली. मी तो तुकडा किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. मी लिहिलं, चौथ्या फेरीत घ्यावा. आमच्याकडे प्रत्येक मुलाला दोघं जण एकमेकांना न विचारता पारखतात. डिअड्रानं लिहिलं होतं, घेऊ नये. "तुझा तो भिडू गोड आहे गं," ती म्हणाली, "पण त्याचे हात लहान मुलाचे आहेत."

आणि त्याच एप्रिलात आमचीही पारख चालू होती. बाळ होत नव्हतं, म्हणून आम्ही क्लिनिकच्या पायऱ्या चढत होतो, आणि ही तिसरी खेप होती. हीच शेवटची, असं आम्ही दोघांनी एका रविवारी भांडी घासता घासता ठरवून टाकलं होतं. माझं अंग थकलं होतं. निनाद इंजेक्शन देताना आधी "सॉरी" म्हणायचा आणि दिल्यावर पुन्हा "सॉरी" म्हणायचा, आणि मला त्या सॉरीनं सुईपेक्षा जास्त दुखायचं. ऑफिसात मी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगायचे. डिअड्रा एकदा म्हणाली, "तुझे दात तरी किती आहेत गं?"

तिथं काचेच्या बशीत, उबदार पेटीत, आमच्या दोघांचं जे काही होतं ते वाढत होतं. भ्रूण हा शब्द मला आवडत नाही, तोंडात खडा आल्यासारखा वाटतो. आम्ही "ते" म्हणायचो. रोज सकाळी ओर्ला नावाची प्रयोगशाळेतली बाई फोन करायची आणि "ते" कसे आहेत सांगायची. आणि तिथंही श्रेणी होत्या. एक आकडा, दोन अक्षरं. ओर्ला समजावून सांगायला लागली की कशाचा अर्थ काय, तेव्हा मी तिला थांबवलं. मला ती भाषा येत होती. मी दिवसभर तीच लिहीत होते.

हेच माझं दुर्दैव. दुसऱ्या कुणा बाईला ओर्लाच्या बोलण्यातली माया ऐकू आली असती. मला त्याखालचा शेरा ऐकू यायचा. ती म्हणायची, "याला जरा वेळ देऊ या." मी स्वतः कितीतरी मुलांविषयी लिहिलं होतं, याला वेळ द्यावा लागेल, आणि त्याचा अर्थ काय हे मला पुरतं ठाऊक होतं. ती म्हणायची, "थोडा हळू आहे, पण आम्ही लक्ष ठेवून आहोत." मी फोन ठेवून निनादला सांगायचे, "ठीक चाललंय." रोज एक-दोन गळायचे. ओर्ला त्यांना गळाले म्हणायची नाही. ती म्हणायची, थांबले. वाढायचे थांबले. जणू कुणी रस्त्यात बुटाची नाडी बांधायला थांबावं.

नाव आम्ही दुसऱ्या खेपेलाच ठरवून बसलो होतो. निनादनंच काढलं होतं. किरण. "मुलगा असू दे, मुलगी असू दे, चालेल," तो म्हणाला. "इकडचे किअरन म्हणतील, तुझी आई किरण म्हणेल, आयुष्यात कुणाला स्पेलिंग सांगत बसायला नको." त्यानं एवढा बारीक विचार केला होता याचं मला हसू आलं आणि मग रडूही आलं. आईला फोनवर अंदाज आला असावा, कारण ती एकदा आपणहून म्हणाली, "नाव-गिव आधीच नको ठरवून ठेवू बाप्पा. बारशाच्या आधी नाव तोंडातून काढत नसतात." मी म्हणाले, "नाही गं आई, बाजारात तुरी अजून." ती म्हणाली, "काही खाल्लं का? आवाज कसा येऊन राहिला तुझा." त्यानंतर आम्ही ते नाव घरातसुद्धा घेतलं नाही. आमच्याकडेही नाव भिंतीकडे तोंड करून होतं.

ड्राफ्टचा तिसरा दिवस शनिवारी असतो. पहिल्या दोन दिवसांचं सगळं आयर्लंडच्या मध्यरात्री घडतं, ते आम्ही सकाळी उठून वाचतो. शनिवारचं मात्र इथल्या संध्याकाळी पाचला सुरू होतं, चौथ्या फेरीपासून. त्या शनिवारी सकाळी ओर्लाचा फोन आला. एकच उरला होता. हळू होता. "मी संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा बघते," ती म्हणाली, "आणि तुला फोन करते, डिअर. आज संध्याकाळी कळेलच." तिचा आवाज रोजच्यापेक्षा हळू होता. माझ्या धंद्यात आवाज हळू झाला की समजायचं असतं.

दुपारभर निनादनं घर आवरलं. जे आवरलेलं होतं तेही आवरलं. पाच वाजता मी टीव्ही लावला तर हा माणूस, ज्याला इतकी वर्षं फुटबॉलचं अवाक्षर नको असायचं, माझ्याशेजारी येऊन बसला.

"तुझा तो चौदा नंबर आज का?" त्यानं विचारलं.

"निवडला गेला तर आजच."

तो टीव्हीकडे पाहतच म्हणाला, "तो निवडला गेला की आपलंपण होणार."

"गप रे. असं बोलू नकोस."

"का? तूच म्हणतेस ना चांगला आहे म्हणून?"

निनाद देव मानत नाही. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवतो, त्याही तालात नाही. तो माणूस हा नवस बोलला होता, अमेरिकेतल्या एका झोपाळू पोराला. मी त्याला गप केलं खरं, पण त्या क्षणापासून मीही तेच धरून बसले. लोक उन्हातान्हात अनवाणी चालत जातात, नारळ फोडतात. आम्ही डब्लिनजवळच्या भाड्याच्या घरात सोफ्यावर बसून पडद्याच्या तळाशी सरकणारी नावं वाचत होतो. दर थोड्या वेळानं एक माणूस मंचावर येऊन नाव पुकारायचा, पडद्यावर कुणाच्या तरी घरात आई-बाप-भावंडं एकमेकांच्या अंगावर पडायची, आणि निनाद विचारायचा, "हा आपला नाही ना?" आपला. त्यानं आपला म्हटलं ते मला अजून ऐकू येतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. एप्रिलच्या शेवटी इथं उजेड मावळायला तयारच नसतो. शेजारची मुलं बागेत गलका करत होती, मध्येच कुणाची तरी आई आत बोलवत होती. चौथी फेरी संपली. चौदाचं नाव कुणी घेतलं नाही. निनाद म्हणाला, "अजून तीन आहेत ना? तीन फेऱ्या आहेत." मी हो म्हणाले. आणि फोन वाजला.

ओर्ला म्हणाली, "आय'म सो सॉरी, लव्ह." पुढचं ती फार हळुवार बोलली आणि मी सगळं ऐकलं. मग मी तिला तेच विचारलं जे मला माझ्या मुलांविषयी नेहमी विचारतात. मी विचारलं, "त्याच्यात काय कमी होतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "अगदी काहीच कमी नव्हतं. काही जण नुसते थांबतात."

मी आजवर असा शेरा कुणाविषयी लिहिलेला नव्हता. आमच्याकडे काहीतरी कमी असावंच लागतं. वीत तरी लहान हवी, पाय तरी चुकीचा पडायला हवा. काहीच कमी नसलेलं पोर आम्हांला नाकारता येत नाही. मी फोन खाली ठेवला. निनादनं माझ्याकडे पाहिलं आणि रिमोट उचलून टीव्ही बंद केला. दोघंही बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. त्यात आम्ही दोघं दिसत होतो, सोफ्याच्या दोन टोकांना. मग तो उठला, माझ्या पायांजवळ खाली जमिनीवर बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याला इतकं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याचे वडील गेले तेव्हाही तो पाहुण्यांना चहा देत फिरत होता.

रविवारी सकाळी आम्ही उगीच डोंगरावर गेलो. घरात बसवत नव्हतं, म्हणून. गॉर्स भरभरून फुलला होता, तो खोबऱ्याचा वास, खाली निळा समुद्र, कुत्री घेऊन निघालेली माणसं, प्रत्येक जण म्हणणार, काय सुंदर दिवस आहे. आम्ही म्हणत होतो, हो ना. तिथं मी फोन पाहिला. रेचा निरोप आला होता. सातव्या फेरीनंतरही चौदाला कुणी घेतलं नव्हतं. पण फुटबॉलमध्ये न निवडलेल्यांसाठी एक मागचं दार असतं. फेऱ्या संपता संपता संघ अशा मुलांना थेट फोन करतात, ये म्हणतात, सरावाला ये, बघू. रेनं लिहिलं होतं, "तुझा मुलगा येतोय, मीनल. आम्ही त्याला बोलावलं."

तुझा मुलगा येतोय. त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक होतं? त्याला वाटलं मी आनंदानं उडी मारीन. मला त्या चौदा नंबरचा असा संताप आला, असा संताप आला, की मी फोन गॉर्सच्या झुडपात फेकून दिला. नवस फळला होता, फक्त उशिरा आणि भलत्याला. आमच्यासाठी असं मागचं दार कुठं होतं? फेऱ्या संपल्यावर कोण फोन करणार होतं? निनाद झुडपात शिरला, हाताला ओरखडे काढून घेत त्यानं फोन शोधून आणला आणि सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला. त्यावरचा निरोप त्यानं वाचला असणार.

पुढे ऑगस्टात त्या संघानं चौदालाही काढून टाकलं. तोवर माझा राग गेलेला होता, आणि त्या दिवशी मी त्या मुलासाठी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याच्यासाठीच रडले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पण ते नंतरचं. मला सांगायचाय तो सोमवार.

सोमवारी मी कामावर गेले. "जाऊ नकोस," निनाद म्हणाला होता, पण पाट्या दुसऱ्या कुणी उतरवून चालत नाही. दुपारी सगळे फळ्याभोवती जमले. पडद्यावर रे, कपाळ कापलेला. डिअड्रानं आपली पहिली पाटी काढली, उलटी केली, नाव वाचलं. "थँक्यू, सन." दुसरी. "थँक्यू, सन." मग माझी पाळी. माझ्याही काही पाट्या होत्या. एकेक काढत गेले, उलटी करत गेले, वाचत गेले. भलीमोठी अमेरिकन नावं, कुठल्या कुठल्या आजोबा-पणजोबांची. चौदाची पाटी तिथं नव्हती, ती कुणीतरी आधीच बाजूला नेऊन लावली होती. शेवटची पाटी काढली, नाव घेतलं, रेनं थँक्यू म्हटलं. आता मी बाजूला व्हायचं होतं.

मी झाले नाही. फळ्याचा तो भाग पांढरा, मोकळा. त्यावर माझा तळहात टेकलेला होता आणि लोखंड गार लागत होतं. वर्षभर म्हणा, तीन खेपा म्हणा, आम्ही ज्याच्याविषयी बोललो, ज्याचे आकडे आणि अक्षरं मी पाठ केली, त्याचं नाव कुठल्याच खोलीत कुणीच घेतलेलं नव्हतं. आई म्हणाली होती, बारशाच्या आधी घेऊ नये. कुठलं बारसं? कुठली आत्या कुणाच्या कानात सांगणार होती?

"किरण," मी म्हणाले. मोठ्यानं. त्या खोलीत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

सगळे फळा वर्षभर पाहत आलेले. त्या नावाचं फळ्यावर कुणी नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. डिअड्रानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि तिला ते सगळे दात आठवले असावेत, कारण तिनं तोंडावर हात दाबला. पडद्यावर रेनं पहिल्यांदाच खाली वाकून कॅमेरा सरळ केला, आणि त्याचा पूर्ण चेहरा दिसला, म्हातारा, डोळ्यांखाली पिशव्या आलेला.

"थँक्यू, सन," तो म्हणाला.

मुलगा होता की मुलगी, आम्हांला कळलेलं नव्हतं. पण तेवढं चालतं. मी बाजूला झाले आणि माझ्या मागच्या माणसानं आपली पाटी काढली.

घरी आले तर निनाद ओट्याशी कांदा चिरत उभा होता. मी कोट न काढताच सांगितलं, "आज मी ऑफिसात नाव घेतलं."

"कुणाचं?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. त्यानं सुरी खाली ठेवली. "मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"कोण कोण होतं?"

"सगळेच."

तो थोडा वेळ हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग म्हणाला, "मग झालं बारसं."

एवढं बोलून त्यानं वरचा प्रेस उघडला. कपाटाला आता आम्हीही प्रेसच म्हणतो. आतून काळ्या हरभऱ्याची पिशवी काढली, चांगले दोन वाडगे भरून मोजले, तीनदा धुतले आणि मोठ्या पातेल्यात भिजत घातले. सकाळी त्यानंच ते शिजवले, फोडणी दिली, वर खोबरं घातलं. बारशाला घुगऱ्या वाटतात हे पुण्याच्या माणसाला नागपूरच्या बाईनं सांगायची गरज नव्हती. मी डबा ऑफिसात नेला आणि फळ्याखालच्या टेबलावर उघडून ठेवला. फळा पुसून स्वच्छ झालेला होता. लोक येत होते, मूठ-मूठ घेत होते, चांगलं आहे म्हणत होते. कशाबद्दल, असं कुणीच विचारलं नाही. डिअड्रानं दोनदा घेतल्या. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला.